बुटक्या काकूंचा ओटा

अर्धी पिळलेली चादर बादलीत तशीच टाकून बुटक्या काकू नव्या घराकडे निघाल्या. देवाने त्यांना उंची देताना हात आखडता घेतला होता, पण जीभ भरभरून दिली होती. इतकी वर्षं जावेच्या स्वयंपाकघरात तिच्या तालावर रांधलं. आता शाळेतली पोरंपोरी सुट्टीत त्यांचं घर फुकट बांधून देत होती, आणि काकूंना त्यात हवा होता फक्त स्वतःचा ओटा.

“काकू, तुम्ही नुसत्या बसा,” पोरांची म्होरकी लंबूताई म्हणाली.

काकू बसल्या. लंबूताईने स्वतःच्या कमरेचं माप धरलं आणि पोरांनी विटा रचल्या. शेवटची वीट बसल्यावर काकू ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. तो त्यांच्या थेट छातीला लागला.

“अहो, तुम्ही बघत होतात ना? मग बोलला का नाहीत?”

“तूच ‘नुसत्या बसा’ म्हणालीस. उंचीने मोठ्या माणसांचं ऐकायला नको?”

लंबूताईचा चेहरा पडला.

“सिमेंट ओलं आहे तोवर वरचे थर उतरवा,” काकू म्हणाल्या, “आणि माप या कमरेचं घ्या.”

पोरं खिदळत कामाला लागली. उरलेली चादर जावेलाच पिळू दे, असं ठरवून काकू नव्या ओट्यासाठी काडेपेटी आणायला दुकानाकडे निघाल्या.