गोठ्यातलं गाणं

आमच्या घरात बापाने वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या पोराचे लाड करायचे नाहीत. हा नियम मला कुणी सांगितलेला नाही, पण तो मोडायची माझी छाती होत नाही. वडील ओटीवर बसलेले असले की मी मुलाला पिशवी उचलावी तसा काखेत मारून त्यांच्यासमोरून नेतो. चाळिशीला टेकलेला माणूस मी, किन्हवलीच्या बाजारात चार लोक थांबून बोलतात माझ्याशी, आणि घरात ही गत.

मुलगा अडीच वर्षांचा होऊन गेला तरी बोलेना. आई, पानी, आणि बोट दाखवून 'त्ये', एवढ्यावर त्याचा कारभार चालला होता. कान तपासून आणले, ते ठीक निघाले. नवससुद्धा बोलून झाला. मग अंगणवाडीच्या ताईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की मोबाईलवरची गाणी पुरे झाली, आता तुमच्या तोंडची ऐकवा. मांडीवर घ्या, तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणा आणि शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडून द्या. बायको आटगावजवळच्या कंपनीत सकाळच्या पाळीला जाते, त्यामुळे सकाळ माझ्या वाट्याची. ती हसून म्हणाली, बरे सापडलात. मला मात्र घाम फुटला. ओटीवर वडील, आणि मी मांडीवर पोर घेऊन गाणार?

म्हणून मी गोठा गाठला. दूध काढायच्या निमित्ताने मुलाला घेऊन जायचो, दार ओढून घ्यायचो आणि पेंढ्यावर बसायचो. अंगणवाडीतली गाणी मला येत नव्हती. समोर बांधलेल्या पाडीकडे, गाईच्या वासरीकडे बघत तोंडाला येईल ते म्हणू लागलो:

ये गो पाडी, हल गो पाडी,
बालाला माज्या आन गो गाडी.

शब्द माझेच, चालही माझीच, असं मी धरून चाललो होतो. मुलगा सुरुवातीला नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा. मग डोलू लागला. भात पोटरीला आलं तेव्हा शेवटचं 'गाडी' तो म्हणू लागला, आणि कापणीपर्यंत 'आन गाडी'. मला रडू आलं. ते गाईशिवाय कुणी पाहिलं नाही याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. नातू बोलायला लागला हे वडिलांच्या कानावर गेलं, पण तो कुठे शिकतोय ते मी सांगितलं नाही.

परवा रविवारी मुरबाडहून पाहुणे आले, धाकट्या बहिणीच्या लग्नाचं बोलायला. ओटी पुरुषांनी भरली होती, चहा फिरत होता, बोलणी मानपानापर्यंत आली होती. एवढ्यात मुलगा आतून धावत आला, सगळ्यांदेखत माझ्या मांडीवर चढला आणि माझी हनुवटी धरून म्हणाला, "बाबा, पाडी."

सगळे बघू लागले. जा, आईकडे जा, असं मी पुटपुटलो. त्याने हनुवटी सोडली नाही. स्वतःच "ये गो पाडी" म्हणाला आणि माझ्या पुढच्या ओळीची वाट बघत थांबला. मी पाहुण्यांना आणखी चहा विचारला. पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. पोराचा चेहरा उतरला आणि त्याने ओठ मिटून घेतले. ते तोंड उघडावं म्हणून आम्ही काय काय केलं होतं, आणि मी चारचौघांत ते बंद केलं. इतकी शरम मला आजवर कधी वाटली नव्हती, आणि ती गाण्याची नव्हती.

वडिलांनी कपबशी खाली ठेवली. कुणाकडेही न बघता, बारीक आवाजात, नेमक्या त्याच चालीवर ते म्हणाले:

"गाडीला नाय चाक गो,
पाडी मारी हाक गो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ही ओळ मी कधी म्हटली नव्हती. मला ती ठाऊकच नव्हती.

"गोठ्यात म्हनायचो तुला," वडील म्हणाले. "तुजा आजा ओटीवर असायचा ना रे."

मुलगा माझ्या मांडीवरून उतरला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यांनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग त्याला मांडीवर घेतलं. पुढची ओळ मलाही हवी होती, पण मागायची लाज वाटली.