आधी मायले इचारतो

घर हलवायला बोलावलेला गाडीवाला दारात आला, की आधी सामान किती आहे ते बघतो, मग जिना किती अरुंद आहे ते बघतो आणि मग तोंड वाकडं करतो. सुखरामभाऊ यातलं काहीच करत नसे. चपला बाहेर काढून तो आत यायचा आणि बांधून ठेवलेल्या बोचक्यांकडे ढुंकूनही न बघता विचारायचा, "घरातलं सगळ्यात मोठं माणूस कोण हाय?" ते माणूस बहुधा मागच्या खोलीत बसलेलं असायचं. सुखरामभाऊ तिथं जाऊन त्याच्यापुढे उकिडवा बसायचा. "माय, तुमचं घर हलवाले आलो. तुमाले जायचं हाय ना?" हो असं उत्तर मिळेपर्यंत तो सामानाला हात लावत नसे.

वरठीच्या स्टेशनाबाहेर त्याचा छोटा हत्ती उभा असे. त्या चिमुकल्या मालगाडीला हे नाव कोणी दिलं देव जाणे, पण आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. नागपूरला अप-डाऊन करणारे आम्ही नोकरदार सकाळी धापा टाकत फलाटाकडे पळायचो, तेव्हा तो निवांतपणे पुढची काच पुसत असायचा. कोणाची बदली, कोणाचं भाड्याचं घर बदलणं, तिथल्या कारखान्यात कोणी नवीन लागलेला, कोणी निवृत्त झालेला, असं काही ना काही त्याला रोज मिळायचं. लोक त्याची थट्टाही करत. एकदा मीच म्हणालो होतो, "सुखरामभाऊ, मांडवात नवरीलासुद्धा कोणी इतकं विचारत नाही." तो काच पुसता पुसता म्हणाला, "म्हणून तं बिचारी रडत जाते."

माझी त्याची पहिली गाठ पडली ती नाकाडोंगरीत. वडील तिथल्या खाणीत होते. ते गेले, मला नागपूरच्या कचेरीत नोकरी लागली, आणि जाण्यायेण्याला बरं म्हणून मी वरठीत दोन खोल्या घेतल्या. आईला आणायला सुखरामभाऊची गाडी ठरवली. मी पहाटेपासून सगळं बांधून तयार होतो. हा पठ्ठ्या आला आणि सरळ चुलीजवळ गेला. आई चूल सारवत होती. जे घर सोडायचं त्याची चूल ती कशाला सारवत होती, हे मला तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. आई हातातलं पोतेरं तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली. इतक्या दिवसांनी प्रथमच हसली. म्हणाली, "जायचं तं हाय बाबू. पोराची नोकरी हाय. थोडं थांबतोस का? बाजूच्या घरी सांगून येतो." ती चांगली तासभर सगळी घरं फिरून आली. मी तोवर घड्याळाकडे बघून चडफडत होतो आणि तो ओट्यावर बसून शेजारून आलेला चहा पीत होता.

एकदा हो म्हटलं, की मात्र त्याचं काम बघत राहावं. आरशाचं कपाट तो गोधडीत असं गुंडाळायचा, की आत कोणी आजारी माणूस आहे असं वाटावं. "काचेच्या सामानाले बसाले जागा द्या, चेपून ठेवलं का ते रागावते," असं म्हणायचा. देव घरच्या बाईच्या मांडीवर, तुळशीची कुंडी त्याच्या स्वतःच्या पायाशी आणि म्हातारं माणूस नेहमी पुढे, त्याच्या शेजारी. जागा नसली, तर धडधाकट मुलाला मागे गाद्यांवर बसवायचा आणि वर ऐकवायचा, "सामान मागं असते, मायबाप पुढं असतात."

एकदा तर कमालच झाली. कारखान्यातल्या एका माणसाला घर बदलायचं होतं. त्याचे वडील सुखरामभाऊला म्हणाले, "मी नाई जात." मुलगा म्हणाला, त्यांचं काय ऐकता, उचला. सुखरामभाऊ दोन तास म्हाताऱ्याजवळ बसला, धानाच्या, बोडीतल्या म्हणजे गावतळ्यातल्या मासोळीच्या गप्पा मारल्या आणि रिकामी गाडी घेऊन परत आला. मुलाने त्याला नाही नाही ते ऐकवलं. आठवड्याने त्या म्हाताऱ्याने स्वतःच त्याला निरोप धाडला, की आता ये. त्या आठवड्यात काय झालं, ते सुखरामभाऊला ठाऊक नव्हतं आणि त्याने चौकशीही केली नाही. एवढंच म्हणाला, "पिकाले दिवस लागतात, माणसाले नाई लागत का?"

वरठीत आल्यावर आईचं आणि त्याचं चांगलंच जमलं. गाडीला काम नसलं, की तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. आई अंगणात वाल आणि कोथिंबीर लावायची. कोथिंबिरीला ती सांबार म्हणायची. त्यातलं मूठभर ती त्याच्या हातावर ठेवायची. अशाच एका दुपारी मी त्याला विचारलं, की हे विचारण्याचं खूळ त्याने कुठून आणलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, भाऊ. नवीन गावाची जागा भेटली. गाडी माझीच होती, तं पुऱ्या गावाचं सामान मीच आणलो. मले लय मोठेपणा वाटे, का मी गावाच्या कामी पडून राहिलो. कागदावर सही मी केलो. घर मी सोडलो. मायले उचलून गाडीत बसवलो. तिले इचारलोच नाई. नवीन घरी माय सात महिने जगली. गाठोडं सोडलंच नाई तिनं. रोज सकाळी आंगणात येऊन बसे, अना मले इचारे, सुखराम, आपण घरी कवा जाऊन राहिलो?"

आईने त्याचा कप उचलला आणि पुन्हा भरून आणला.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजून लाज वाटते. एव्हाना माझं लग्न झालं होतं, आणि अप-डाऊनने मी थकलो होतो. नागपुरात सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आईला सांगितलं, म्हणजे ठरल्यावर कळवलं. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"मध्ये काय होतं, ते मी तपासलं नाही. सुखरामभाऊ आला, की तिच्यासमोर उकिडवा बसेल आणि विचारेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती नाही म्हणाली तर? म्हणून मी नागपूरहून दुसरी गाडी मागवली. एकसारखे टी-शर्ट घातलेली चार माणसं आली, त्यांनी दीड तासात घर उचललं आणि कोणाला काही विचारलं नाही. आई ओट्यावर उभी होती. "सुखराम नाई आला?" मी म्हणालो, "त्याची गाडी बिघडली आहे." ती पुन्हा "बरं" म्हणाली.

फ्लॅटमध्ये तिला काही कमी नव्हतं. ऊन यायचं, पाणी यायचं, सूनबाई जीव लावायची. ती मात्र दिवसेंदिवस कमी बोलू लागली आणि थंडी संपायच्या आत गेली. दुखणं असं काही नव्हतं. डॉक्टर वयाचं म्हणाले आणि मी तेच सगळ्यांना सांगितलं. तेरवीला सुखरामभाऊ आला, पंगतीत वाढू लागला, शेवटी जेवला आणि गेला. एका शब्दाने काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याने मी आतून पोखरून निघालो. त्यानंतर वरठीला गेलो, तरी स्टेशनाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचो.

गेल्या उन्हाळ्यात तो अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मात्र राहवलं नाही. त्याच्या त्या नव्या गावी गेलो. मूत्रपिंडाच्या आजाराने पार वाळला होता, गाडी विकून टाकली होती. त्याच्या बायकोने खाटेजवळ खुर्ची ठेवली आणि ती आत गेली. ती आमची शेवटची भेट. पुढे पंधरा दिवसांत तो गेला.

मी म्हणालो, "सुखरामभाऊ, आईच्या वेळेला मी तुम्हाला बोलावलं नाही. आणि तिला सांगितलं, की तुमची गाडी बिघडली."

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "मायनं फोन केला होता नागपुराहून. सुखराम, गाडी झाली का रे दुरुस्त, मने."

"मग?"

"मंग काय, हो माय झाली, मनलो. म्हाताऱ्या मायपुढं तिच्या पोराले खोटं कसा पाडू?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते मी लपवलं नाही. म्हणालो, "ती नाही म्हणेल अशी भीती होती हो मला. म्हणून तुम्हाला टाळलं."

तो उशीवरून थोडा वर सरकला. त्याला दम लागला होता, तरी हात हलवून त्याने मला थांबवलं.

"नाई काहून मनंल? त्याच फोनवर सांगत होती ना मले. पोराचे हाल होऊन राहिले होते अप-डाऊन करून, मने. मीच मनणार होती त्याले, का चाल बाबू, नागपुराले राहू. मनात ठरवून बसली होती, मने. फकस्त तो कवा इचारते, त्याची वाट पाहून राहिली होती."