कळशी आत, माणसे बाहेर

ज्या पत्राच्या भरवशावर मी मंद्रूपच्या पलीकडच्या त्या फार्महाऊसवर राहायला गेलो, त्याची मूळ प्रत माझ्या कपाटात आहे आणि छायाप्रत पिशवीत. सोलापूरच्या न्यायालयात छत्तीस वर्षे कारकुनी केलेला माणूस तोंडी आश्वासनावर वळकटी बांधून निघत नसतो.

जाहिरात सूनबाईंनी मोबाइलवर दाखवली होती. निसर्गात राहा, शेतीच्या कामाला हातभार लावा, राहणे-जेवण आमच्याकडे. "बाबा, गटारीबद्दल महापालिकेला किती पत्रं लिहाल? जरा मातीत हात घाला, रक्तदाब उतरेल," असे ती म्हणाली. मी मालकांना सात कलमांचे पत्र पाठवले. चौथे कलम असे होते: 'स्वयंसेवकाचे जेवण यजमान व पाहुणे यांच्या पंक्तीतच होईल.' पत्राच्या तळाशी 'सर्व मान्य' असे लिहून, सही करून मालकांनी ते परत पाठवले. ती सही निळ्या शाईची आहे.

दिवाळी आटोपल्यावर मी तेथे गेलो. मालक चाळिशीतले, पुण्याहून आलेले, बोलायला गोड. सकाळी रोपांना पाणी घालणे, पाट्या रंगवणे आणि शनिवार-रविवारी फाटकाशी उभे राहून पाहुण्यांचे स्वागत करणे, ही माझी कामे. ती मी एकही दिवस न चुकवता केली. राहायला खताच्या पोत्यांशेजारची पत्र्याची खोली मिळाली आणि जेवण पाहुण्यांच्या मागून, स्वयंपाकघरात, उभ्याने. चौथ्या कलमाचा भंग पहिल्याच दिवशी झाला. मी तारखेसह टिपून ठेवले आणि गप्प राहिलो. स्वतःपुरते सोसण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो.

बांधाला बांध लागून एका शेतकरी जोडप्याचे रान होते. घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारी, साठीच्या घरातली माणसे. मी त्यांना अण्णा आणि अक्का म्हणू लागलो. ते मला 'वकीलसाब' म्हणत. मी वकील नाही, कारकून होतो, असे तीनदा सांगून पाहिले. "कोर्टातला मानूस म्हंजे वकीलच की," या अण्णांच्या निकालावर अपील नव्हते.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या जवळ आली. आमच्या भागात तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी घरे ओस पडतात आणि माणसे रानात जेवतात. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीची भाकरी, खीर. आपले जेवण झाले की दुसऱ्यांच्या रानात घास घ्यायला जायचे. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून बसवायचे. तो कोण, कुठला, हे विचारायचे नाही. या रिवाजाला कलम नाही, म्हणूनच तो मोडायची कोणाची छाती होत नाही, असा माझा समज होता.

मालकांनी 'अस्सल येळवस अनुभव' अशी जाहिरात केली. पाहुण्यांना मनगटावर बांधायला नारिंगी कागदी पट्ट्या आल्या. मात्र रानात ज्वारीचे एकही ताट उभे नव्हते. हिरवळ होती आणि झोके होते. कोपीसाठी कडबा अण्णांनी दिला, स्वतः डोक्यावरून आणून टाकला आणि कोपही बांधून दिली. आंबील कशी आंबवायची ते आमच्या स्वयंपाकिणीला अक्कांनी शिकवले. ते दोघे निघताना मी म्हणालो, "तुमची पूजा झाली की आमच्या कोपीवर घास घ्यायला या. मी वाट बघतो."

"तुमी बोलिवल्यावर येनार न्हाय व्हय?" अण्णा म्हणाले.

तो शब्द माझा होता. पुढचे सगळे त्या शब्दावरून घडले.

अमावस्येला दुपारी ते दोघे आले. अण्णांच्या डोक्याला धुतलेला पटका होता आणि अक्कांच्या कडेवर पितळी कळशी, आतून कलई केलेली, आंबिलीने भरलेली. ती त्यांच्या माहेरची. रिकाम्या हाताने कोणाच्या कोपीवर जायचे नसते. मालकांनी कोपीभोवती दोरी बांधली होती. ते हसतमुखाने पुढे आले, "अरे वा, आंबील!" म्हणाले, अक्कांच्या हातून कळशी घेतली आणि पाहुण्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. परत येऊन ते मला म्हणाले, "काका, यांच्या हाताला पट्टी नाहीये."

"यांना मी बोलावलं आहे."

"तुम्ही कोण बोलावणारे, काका? तुम्ही व्हॉलंटियर." मग त्या दोघांकडे वळून, आवाजातला गोडवा तसूभरही कमी न करता, "आधी पाहुणे होऊ द्या. उरलं तर बघू."

दोरीच्या आत चाळीस माणसे अक्कांची आंबील वाटीवाटीने पीत होती आणि तिचे फोटो काढत होती. दोरीच्या बाहेर अक्का मोकळे हात पदराला पुसत उभ्या होत्या.

"असू द्या की, वकीलसाब," अण्णा म्हणाले. "आमचं पोट भरलंय." आणि दोघे बांधावरून परत गेले. मागे वळून पाहिले असते तर मला इतके लागले नसते.

मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी वळकटी बांधली, कारणांसह लेखी निरोप फाटकाच्या कडीत अडकवला आणि मंद्रूपच्या थांब्यावरून एस.टी.ने सोलापूर गाठले. घरी पोचल्यावर चहाच्या आधी कागद काढला.

पहिली नोटीस पोचपावतीसह रजिस्टरने पाठवली. मागण्या दोन. एक, मालकांनी स्वतः चालत अण्णांच्या रानात जाऊन दोघांची माफी मागावी. दोन, कळशी सन्मानाने परत करावी. उत्तरादाखल मोबाइलवर जोडलेल्या हातांचे चित्र आले. दुसऱ्या नोटिशीला तेच चित्र, यावेळी दोनदा. कायद्याची पुस्तके काढून बसलो, तेव्हा कळले की दारातल्या माणसाला न जेवू घालता परत पाठवणे हा या देशात गुन्हा नाही. कळशीबाबत तक्रार झाली असती. पण अण्णांनी सही करायला नकार दिला.

"कळशीसाटी पोलीस? लोक हसत्याल, वकीलसाब."

"हसू द्या. माझा शब्द गेला आहे."

"तुमचा शब्द गेला, आमची कळशी गेली. फिटलं की." ते हसले. मला हसू आले नाही.

उन्हाळ्यात त्या फार्महाऊसच्या नव्या जाहिरातीत एक फोटो आला. ओसरीवर कळशी, कळशीत पिवळी फुले. मी बसने रानात गेलो आणि फोटो अक्कांपुढे धरला. त्यांनी बोटांनी तो मोठा करून पाहिला. "माजीच. ही चेप बगा. थोरल्याच्या बारशाला हातातनं पडली तवाची." एवढे बोलून त्या शेंगा फोडायला बसल्या. पण त्यानंतर त्यांनी एकही दाणा तोंडात टाकला नाही, हे मी पाहिले.

त्याच दिवशी परतताना मी डांबरी रस्त्यापर्यंत पावले मोजली. फार्महाऊसला जाणारी वाट अण्णांच्या रानातून, बांधाला धरून जाते, हे मी कितीदा पाहिले होते. पाहूनही विचारले नव्हते, याची आजही लाज वाटते. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल काढली. नकाशात वाट नव्हती. चार वर्षांपूर्वी मालकांनी तोंडी विचारले होते आणि अण्णा 'जावा की' म्हणाले होते. वहिवाटीचा हक्क सांगायला वीस वर्षे लागतात. जे केवळ सौजन्य आहे, ते लेखी कळवून मागे घेता येते. त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी मला भाकरी गोड लागली.

मसुदा घेऊन गेलो. वाट कायमची बंद, असा त्याचा सारांश. अण्णांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"वाट बंद कराची न्हाय. मानसाची वाट आडवू न्हाय."

"अण्णा, त्यांनी तुम्हाला दोरीबाहेर उभं केलं."

"व्हय की. इसरलो न्हाय." त्यांनी तंबाखू मळली. "असं ल्ह्या. मानूस जाईल, जनावर जाईल, बैलगाडी जाईल. मोटार न्हाय. मोटारीनं बांध ढासळतोय, ज्वारीवर धुरळा बसतोय. खरंच हाय ते."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. छत्तीस वर्षांत एवढी नेमकी दुरुस्ती मी एकाही वकिलाकडून ऐकली नव्हती. अक्का आतून म्हणाल्या, "आनि आवंदा आपली कोप डांबरीच्या तोंडाला बांदू. येनाऱ्याजानाऱ्याला बरं पडंल."

अण्णांच्या सहीची नोटीस अमावस्येच्या महिनाभर आधी गेली. पोचपावती आली. मोबाइलवर जोडलेले हात आले. मालकांनी ती वाचली नव्हती, हे उघड होते. न वाचता हात जोडणाऱ्या माणसाला मी एकदाही आठवण करून दिली नाही. कायद्याने मी तसे करण्यास बांधील नव्हतो.

येळवशीला वाटेच्या तोंडाशी अण्णांनी दोन मोठे दगड बसवले होते. मधून बैलगाडी जाईल एवढी जागा, मोटार जाणार नाही एवढी. दगडांशेजारी कोप. अकराच्या सुमारास पहिली मोटार थांबली. नारिंगी पट्ट्यांची माणसे उतरली, काळ्या ढेकळांकडे पाहू लागली, फोन लावू लागली. मी पुढे झालो.

"फार्महाऊस समोरच आहे, पायी जाता येईल. पण आज येळवस. या रानातून उपाशी पुढे जायचं नसतं. बसा."

"आमचं तिकडे बुकिंग आहे हो."

"असू द्या. इथे पट्टी लागत नाही."

ती बसली. दुसरी मोटार आली, तीही बसली. एका वृद्ध बाईंना चालवत नव्हते. अण्णांनी त्यांना बैलगाडीतून रानभर फिरवून आणून पंगतीला बसवले आणि मग सगळ्यांनाच गाडीत बसायचे होते. अक्का भज्जी वाढत होत्या, आग्रह करत होत्या. आंबील यावेळी प्लॅस्टिकच्या बादलीत होती. जेवून माणसे कडब्यावर आडवी झाली. कोणी पुढे जायचे नाव काढीना.

दीडच्या सुमारास मालक आले. चालत. वर्षभर ज्या मागणीसाठी मी पोस्टाच्या खिडकीशी उभा राहिलो, तिचे अर्धे शब्द त्यांच्या पायांनी पाळले होते. बूट मातीने जड झाले होते. "काका, हे काय चाललंय? आमचे गेस्ट..."

"या की, बसा," अण्णा म्हणाले.

मालक बसले नाहीत, पण घमघमाटाने त्यांचे डोळे भाकरीकडे गेले, हे मी पाहिले. पळी माझ्या हातात होती. जे वाक्य मी वर्षभर एका अक्षराचाही फरक न करता जपले होते, ते मी त्यांना परत केले.

"आधी पाहुणे होऊ द्या. उरलं तर बघू."

मालकांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. अक्का उठल्या, माझ्या हातून पळी काढून घेतली. "आज असं म्हनू न्हाय, वकीलसाब," असे मला सांगून त्यांनी मालकांचे ताट वाढले. मालक जेवले, खाली मान घालून. बोलल्याचा मला पश्चात्ताप झाला का, असे सूनबाईंनी नंतर विचारले. झाला नाही. आजही नाही.

हात धुताना अक्कांनी त्यांना सहज विचारले, "आमची कळशी हाय न्हवं तुमच्याकडं? धुऊन ठिवा. उद्या न्यायला येतो."

दुसऱ्या दिवशी न्यायला जावे लागले नाही. मालकांनी माळ्याच्या हाती ती पाठवली. बाहेरून घासून लखलखीत केलेली. अक्कांनी ती दोन्ही हातांनी घेतली, चेपेवरून अंगठा फिरवला आणि आतली कलई पाहायला उन्हाकडे तोंड करून धरली. बुडात रुपयाएवढे भोक होते. फुलझाडाचे पाणी निचरायला पाडलेले.

अक्कांनी कळशी खाली ठेवली, पदर खोचला आणि माझ्यापुढे येऊन बसल्या.

"वकीलसाब, कागद हाय का?"

कागद पिशवीत होता.

"ल्ह्या. सई मी करते."