अक्काची न पडणारी टीम

अक्का गेल्याचं मला गिरिजम्मांनी फोनवर कळवलं. त्या तिच्या घरमालकीण, चामराजपेटेत तिच्या खालच्याच मजल्यावर राहतात. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. "शुभा, अक्का होग्बिट्रु," एवढंच कानडीत म्हणून त्या रडायला लागल्या. सकाळची कॉफी पिऊन अक्का खुर्चीत जरा टेकली होती, ती बसल्याबसल्याच गेली. वय त्रेसष्ट. आजारपण नाही, दवाखाना नाही. कपसुद्धा धुऊन पालथा घातलेला होता...

अक्का म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, पद्मा. आई तिला अक्का म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. तेराव्याला नातेवाईक जेवायला बसले होते, तेवढ्यात जिन्यावर बुटांचा मोठा ढीग पडला आणि दहा-बारा तरुण पोरंपोरी वर आली. कुणाच्या पाठीला ऑफिसची बॅग, एकीच्या हातात मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, भलामोठा हार. सगळ्यांनी फोटोला नमस्कार केला आणि भिंतीला टेकून ओळीनं बसली. आईनं मला कोपरानं ढोसलं. "ही कोण गं? अक्काच्या फॅक्टरीतली का?"

"नाही," मी म्हटलं. "ही तिच्याकडून हरलेली माणसं."

आईला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. आता महिना झाला आहे, तेव्हा सांगते.

तीन वर्षांपूर्वी होसूर रोडवर स्कूटरवरून पडून माझा घोटा मोडला. माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अक्का म्हणाली, "माझ्याकडे ये, एकच जिना आहे." तिनं लग्न केलं नव्हतं. एकतीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या एका पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात काढून ती नुकतीच निवृत्त झाली होती. तिचं काम एकच. तयार पंपात दाबानं पाणी भरायचं आणि कुठून थेंब येतोय का ते बघायचं. निवृत्तीनंतरही ती घरातले नळ, बादल्या, शेजाऱ्यांच्या टाक्या सगळीकडे गळती शोधत फिरायची. पण दोन खोल्यांच्या घरात गळून गळून किती गळणार? मी प्लास्टर घेऊन पोचले तेव्हा ती कंटाळून रडकुंडीला आली होती, हे मला फार नंतर कळलं.

मी पलंगावर पडून दिवसभर हातातल्या छोट्या यंत्रावर गेम खेळायचे. कॉलेजपासूनची सवय. खेळ असा, की प्रत्येकाकडे सहा राक्षसी प्राणी. कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी लोखंडी कवचाचा. दोघांनी आळीपाळीनं आपापल्या प्राण्याला हुकूम द्यायचा, आणि ज्याचे सहाही आधी आडवे होतील तो हरला. आग गवताला भारी, पाणी आगीला भारी, अशी एक मोठी उतरंड त्यात असते. मी नेहमी मारकुटे प्राणी घ्यायचे. पहिल्या फटक्यात समोरचा गार, नाहीतर दुसऱ्या फटक्यात मी गार.

चौथ्या दिवशी अक्का भाजी निवडता निवडता माझ्या खांद्यावरून डोकावली. "हे काय गं, दर वेळी तुझंच जनावर आधी पडतंय."

"चालायचंच. पुढच्या वेळी जोरात मारीन."

"पण ते पडतंय कुठून, ते बघितलंस का?"

मी नव्हतं बघितलं. तिनं बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं चौकटीची वही आणली, कारखान्यातल्या तपासणीच्या तक्त्यासारखा तक्ता आखला. आडव्या ओळीत अठरा प्रकारचे हल्ले, उभ्या ओळीत प्राणी. कुठला प्राणी कुठल्या हल्ल्यानं कोसळतो तिथे तांबडी फुली. मला औषध देणं, चहा करणं, आणि मध्येच "या कासवाला वीज लागते का गं?" असं विचारणं... आठवड्याभरात माझी टीम बाजूला पडली आणि तिची सुरू झाली.

तिच्या टीममध्ये धड मारणारं कुणी नव्हतं. एक गुबगुबीत बेडूक होता, तो कितीही मार खाऊन स्वतःला पुन्हा बरं करायचा. त्याचं नाव तिनं ठेवलं गुंडप्पा. लोखंडी कासवाचं नाव मॅनेजर, कारण त्याला काहीही बोला, लागत नाही. एक काटेरी झुडूप समोरच्यावर विष सोडायचं, म्हणजे मग तो प्राणी दर पाळीला थोडा थोडा झिजत जायचा. एक पक्षी जमिनीवर खिळे पसरायचा, त्यामुळे समोरच्याचा जो कुणी नवा मैदानात येईल त्याच्या पायात आधी खिळा. आणि खरी गंमत बदलण्यात होती. आगीचा हल्ला येणार असं वाटलं की झुडूप मागे घ्यायचं आणि पाण्यातल्या गुंडप्पाला पुढे करायचं. समोरच्याचा फटका फुकट. अक्काला हे जमायचं, कारण ती समोरचा काय करणार ते आधी ओळखायची. "एकतीस वर्षं मी पाण्याचंच मन वाचत होते," ती म्हणायची. "माणसं सोपी असतात."

माझा पाय बरा झाल्यावर मी तिला आमच्याच शहरातल्या शिवाजीनगरला घेऊन गेले. तिथे एका खानावळीच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी आम्ही खेळणारे जमायचो. इस्त्रीची सुती साडी नेसून, डब्यात चकल्या घेऊन अक्का आली. सगळे उठून उभे राहिले, कुणाची तरी आई शोधत आली असं त्यांना वाटलं. पहिल्याच डावात तिच्या समोर आली नयना. नयना दातांची डॉक्टर आणि आमच्यातली सर्वांत धडाकेबाज खेळाडू. पाच मिनिटांत डाव संपवून इडली खायला खाली जाणारी. तिच्याकडे एक चिमुकला कोल्हा होता, त्याचं काम समोरच्याला डिवचणं. डिवचलेला प्राणी तीन पाळ्या फक्त हल्लाच करू शकतो, औषधपाणी बंद. गुंडप्पाला डिवचलं, मॅनेजरला डिवचलं, आणि बारा मिनिटांत अक्काचे सहाही आडवे झाले.

मला वाटलं, झालं, आता ही हा नाद सोडणार. परतीच्या ऑटोत ती खूष होती. "सापडली गळती," म्हणाली.

पुढचे दोन महिने ती त्या एका गळतीमागे होती. मी ऑफिसातून फोन केला की पलीकडून, "थांब स्वल्प, लढाई चालू आहे." शेवटी तिनं पक्ष्याला घरी बसवून एक म्हातारा, मंद बैल घेतला. तो काही करतच नसे. पण त्याच्या अंगावर काटे होते, आणि जो त्याला मारील त्याला ते टोचायचे. "आता डिवच म्हणावं कोल्ह्याला," अक्का म्हणाली. "काट्यांना हुकूम लागत नाही."

आणि मग तो रविवार आला, ज्याची मला अजून लाज वाटते. त्या दिवशी स्पर्धा होती. अक्का एकेकाला झिजवत झिजवत अंतिम डावात पोचली, समोर पुन्हा नयना. तो डाव पन्नास मिनिटं चालला. कोल्ह्यानं डिवचलं, मग फटके मारले, बैल नुसता उभा राहिला. कोल्हाच काट्यांनी रक्तबंबाळ. नयना चिडून खुर्चीतून उठायची, बसायची. "अक्का, स्वल्प अटॅक माडि!" ती ओरडली, थोडा तरी हल्ला करा म्हणून. अक्का शांतपणे म्हणाली, "सरी, बरं, बघते," आणि गुंडप्पाला पुन्हा बरं केलं. हॉलमध्ये कुणी हसत होतं, कुणी जांभया देत होतं, कुणी मोठ्यानं म्हणत होतं की हा काही खेळ झाला नाही. अखेरीस नयनाचा सहावा प्राणी विषानं आपोआप आडवा झाला आणि अक्का जिंकली. टाळ्या पडल्या त्या तीन-चारच.

आयोजकांपैकी एकानं तिथल्या तिथे सुचवलं, की यापुढे टीममध्ये स्वतःला बरं करणारा प्राणी एकच असावा. अक्काच्या सहांपैकी तिघं तसलेच, म्हणजे तिची टीम संपलीच. हात वर करून मत घ्यायचं ठरलं. अक्कानं स्वतः मत दिलं नाही, ती डबा आवरत होती. माझ्या दोन्ही बाजूंचे मित्र माझ्याकडे बघत होते. तिला मी आणलं होतं, सगळ्यांचं जेवण माझ्या मावशीमुळे खोळंबलं होतं... मी हात वर केला.

एकूण सहा हात वर आले. विरोधात कोण, असं विचारल्यावर पहिला हात नयनाचा होता. तिचे कान अजून लाल होते. "मी आत्ता हरले आहे आणि मला भयंकर राग आला आहे," ती म्हणाली. "पण ही टीम फोडायची कशी ते मला शोधायचं आहे. तुम्ही ती बंदच केलीत तर मी शोधू काय?" विरोधात सात हात झाले. नियम बारगळला.

आम्ही ऑटोनं परत निघालो. सिग्नलला ऑटो थांबला तेव्हा अक्का म्हणाली, "तुझा हात मी बघितला."

मी विचारलं, "रागावलीस?"

"रागावले."

"खूप?"

तिनं जरा विचार केला. "स्वल्प." आणि मग माझ्याकडे न बघता, "तू माझ्या बाजूनं नाहीस याचा राग नाही. खेळ तुला खरंच कंटाळवाणा वाटला असता तर ठीक होतं. पण तू शेवटपर्यंत नखं खात बघत होतीस. मी बघितलं ना. आणि मग आजूबाजूला बघून हात वर केलास." ऑटो सुरू झाला. मी रडायला लागले. तिनं डब्यातली उरलेली चकली काढून माझ्या हातात दिली. "खा. आणि उद्या तुझी टीम घेऊन ये. तिच्यात तर चाळणीइतकी भोकं आहेत."

मी गेले. दुसऱ्या दिवशी गेले, पुढच्या आठवड्यात गेले, मग जातच राहिले. नयनाही यायला लागली, दवाखाना बंद केला की थेट. तिला अक्काची टीम फोडायची होती आणि अक्काला ती फोडून हवी होती. कुठे फुटेल ते दोघी मिळून शोधायच्या, मग अक्का ते बुजवायची, मग पुन्हा पहिल्यापासून. वर्षभरानं नयनानं तिला एकदा हरवलं, तेव्हा अक्कानं गिरिजम्मांना हाक मारून वर बोलावलं आणि सगळ्यांना गोडाचा शिरा करून घातला. हरण्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. हळूहळू हॉलमधले बाकीचेही यायला लागले. त्या दिवशी सगळ्यात मोठी जांभई देणारा तर तिच्याकडे शिकायलाच येऊन बसला.

तिच्या खोल्या मी आता भाड्यानं घेतल्या आहेत. गिरिजम्मा म्हणाल्या, "परक्याला कशाला देऊ?" मागच्या रविवारी नयना आली, आणि अक्का गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही खेळायला बसलो. तिच्याकडे तिची टीम, माझ्याकडे अक्काची. दहाव्या पाळीला मी गुंडप्पाला पुढे आणला आणि नयना अडकली. ओठ चावत विचार करायला लागली.

अशा वेळी अक्का एक गोष्ट नेहमी करायची. समोरचा विचारात पडला की ती पडद्याकडे बघायची नाही, त्याच्या तोंडाकडेही नाही. मान वळवून खिडकीबाहेर बघत बसायची. मी एकदा कारण विचारलं होतं. "आपण टक लावून बसलो की त्याला घाई होते," ती म्हणाली होती. "घाईत हरला तर काय मजा?"

मी मान वळवली. खाली एक फुलवाली शेवंतीच्या माळा हातानं मोजून देत होती. बस वळताना अडली होती आणि कंडक्टर उतरून मागे-मागे म्हणून हात हलवत होता. एक म्हातारे गृहस्थ छत्री उघडावी की नाही याचा विचार करत उभे होते. किती वेळ गेला कोण जाणे. रस्त्यावर बघण्यासारखं पुष्कळ होतं.

"हं," पाठीमागून नयना म्हणाली. "झालं माझं. आता तू खेळ."