पाळीखालून आलेलं उत्तर

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमचं घर बौद्ध. देव अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... सगळं आजोबांनीच सोडलेलं. कुडव्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिथे कोणी भुताचं सांगू लागली की मीच टर उडवते – भूत नेमकं तुझ्याकडेच कसं येतं गं, त्याला दुसरा धंदा नाही का? तरी आज लिहायला बसले आहे. हसायचं तर हसा.

माझे मोठे मामा केशोरीच्या पलीकडे एका खेड्यात राहायचे. फौजेत वायरलेसवर होते, रिटायर झाल्यावर धानाची शेती करायचे. त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, गावतलावाच्या पाळीखालीच, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी. तिथे एक रीत आहे. तलावाचं पाणी सोडण्याआधी पाळीवर उभं राहून हाक मारायची, "खाली कोनी हाय का?" चिखलात वाकलेलं माणूस वरून दिसत नाही, म्हणून. उत्तर आलं नाही तरच पाणी सोडायचं. मामा मात्र ही हाक कधीच मारत नसत. मामीला सांगत, नाहीतर शेजारच्या देवाजीला. लोक म्हणत, फौजीची मिजास आहे.

मिजास नव्हती. त्यांनी मला एकदा जेवताना सांगितलं होतं. नव्याण्णवच्या लढाईत, एका डोंगरावर त्यांच्या पलटणीतली तीन पोरं पुढे अडकली. त्याच उतारावरून दुश्मन खाली येत होता, आणि खाली आपली अख्खी तुकडी चढत होती. तोफ डागली तर ती तिघं जाणार, नाही डागली तर तुकडी जाणार. साहेबांनी मामांना वायरलेसवर विचारायला लावलं, तिथे आपलं कोणी आहे का. उत्तर आलं, "कोई नहीं है, मार दो." आवाज मामांच्या ओळखीचा, त्यांच्याच बराकीतल्या पोराचा. जे ऐकलं तेच त्यांनी साहेबांना सांगितलं. तुकडी वाचली.

"कोनी नाही म्हननारा तं तिथं असतेच ना, बाई," मामा म्हणाले, आणि ताट तसंच ठेवून उठले.

आता मूळ गोष्ट. २०१३ च्या आसपासचा पावसाळा असेल. मी मामांकडे गेले होते आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. एका दुपारी देवाजी पळत आला – तलाव तुडुंब भरला, टोल्याच्या बाजूनं पाळ पाझरून राहिली. टोला म्हणजे गावाबाहेरची वस्ती, तिथे मजुरांची घरं, लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसं. पाळ तिकडून फुटली असती तर कोणी उरलं नसतं. मामांनी लगेच ठरवलं, आपल्या बांध्यांच्या बाजूनं पाळ कापायची. पीक गेलं तर गेलं. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

पाळीवर आम्ही तिघंच. पावसानं समोरचं झाड दिसत नव्हतं. मामांनी मला खूण केली, मी हाक मारली. उत्तर नाही. देवाजीनं फावडं उचललं तर मामांनी ते धरलं.

"थांब. तिघं हायेत खाली."

आम्ही काही ऐकलं नव्हतं. देवाजी म्हणाला, मामाजी, अशा पान्यात कोन येते? पण मामा उतरायला लागले होते. मी त्यांचा हात धरला. त्यांनी हळूच सोडवला, अगदी शांतपणे... आणि पावसात दिसेनासे झाले.

आम्ही वाट पाहिली. टोल्याकडून बायांचा आरडाओरडा यायला लागला. पाळीचा तिकडचा कोपरा खचताना मी डोळ्यांनी पाहिला. "ताई, कापू का?" देवाजी विचारत होता. त्याची बहीण टोल्यावर राहायची, तरी तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी जीव खाऊन ओरडले, "मामा, कोनी हाय का?"

उत्तर आलं. अगदी जवळून, जणू कोणी पाळीच्या पायाशी उभं आहे. तरण्या पोराचा आवाज, हिंदीत.

"कोई नहीं है. काट दो."

त्या उत्तराचा अर्थ त्या गावात मला एकटीलाच ठाऊक होता. देवाजीनं फावडं उचललं. मी त्याला थांबवू शकत होते... थांबवलं नाही.

टोला वाचला. एक कोंबडीसुद्धा मेली नाही. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले, शेवटच्या बांधीत, रेतीखाली. बाकी कोणीच सापडलं नाही, आणि आसपासच्या गावांतलं कोणी हरवलेलंही नव्हतं.

देवाजी आजही शपथेवर सांगतो की आवाज मामांचाच होता आणि ते आमच्याच बोलीत "कापा" म्हणाले. एकाच पाळीवर, एकाच वेळी आम्ही दोघं उभे होतो. भीतीनं मेंदू काहीही ऐकतो, असं माझा नवरा म्हणतो. असेल. पण मग आवाज वेगळा असूनही दोघांच्या मेंदूनं कापायचंच उत्तर कसं ऐकलं? आणि मामांना आधी कोण ऐकू आलं?

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर मामीनं मला आतल्या खोलीत नेलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "बाई, कापा म्हनून त्यायनंच सांगतलं ना? तू आयकलं ना त्यायचा आवाज?"

मी हो म्हणाले.

तेव्हापासून मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला ताठ मानेनं सांगते, मालकांनी स्वतः सांगून पाळ कापायला लावली. टोल्यावरच्या बाया तिच्या पाया पडतात. मी समोर असले की ती माझ्याकडे बोट दाखवते, विचारा हिले, हिनं आयकलं. आणि मी दर वेळी होय म्हणून मान हलवते.