आक्काच्या शेवंतीचं डिझाइन

मी चोर आहे.

आज सकाळी माझी थोरली बहीण, आक्का, निपाणीत वारली. आता तरी ही पोस्ट लिहितो.

आम्ही बेळगावजवळच्या शहापूरचे विणकर. खडेबाजारातल्या सुताच्या व्यापाऱ्यानं आप्पांना, म्हणजे वडलांना, एक मोठं जपानी ताट भेट दिलेलं. युद्धाच्या आधी.

"चिनी मातीत जेवायचं न्हाय," आई म्हणाली. ताट फळीवर गेलं.

आक्का रोज ते खाली काढायची. मधे लाल-सोनेरी शेवंती, कडेनं निळ्या लाटा.

"बोट फिरव रं. निळा हाताला लागत न्हाय, झिलईच्या खाली हाय. लाल वर हाय, खरखरतोय बघ."

एक पाकळी जरा वाकडी होती.

"हितं त्याचा हात दमला आसंल," ती म्हणायची. कोण कुठला जपानी कारागीर, त्याची हिला काळजी!

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी तिनं चौकटीच्या कागदावर साडीच्या पदराचं डिझाइन काढलं. लाटा विणीच्या आत, शेवंती वर उठलेली. आप्पांनी त्यावरून साडी विणली.

व्यापारी बघतच राहिला. "कुणी काढलं हे?"

"आमच्या पोरानं," आप्पा म्हणाले.

आक्का चुलीपाशी होती. सतरा वर्षांची. मी तेरा.

व्यापारी माझ्याकडे वळला. "तूच काढलास?"

"व्हय," मी म्हटलं.

एवढंच. एक शब्द.

त्यानं मला कोल्हापूरला ड्रॉइंग शिकायला पाठवलं. आक्काचं लग्न निपाणीत झालं. तिनं माहेराहून फक्त ते ताट मागितलं.

आप्पा म्हणाले, "ते पोराच्या कामाचं हाय."

ती तंबाखूच्या वखारीत पानं निवडत राहिली. मी ड्रॉइंग टीचर झालो. ताट माझ्या शोकेसमध्ये. पाहुण्यांना मी झिलई समजावून सांगतो, सगळे वाहवा करतात. शब्द तिचे.

म्हातारपणी एकदा विचारलं, "आक्का, तू तवा बोलली का न्हाईस?"

"मी बोलले आसते तर आप्पा खोटे पडले आसते. तू बोलायचं हुतंस."

मग तिनं मला चहा दिला. परत तो विषय काढला नाही. मीही नाही. सोयीचं होतं.

तिच्या मुलानं आज व्हॉट्सॲपवर टाकलंय, 'आई साधी, कष्टाळू बाई होती.' त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही.

कमेंटमध्ये माझं सांत्वन करू नका.

आक्का, तो पदर तू काढलास. मी नाही.

जा गं. तुझ्या भावाचा शेवटचा नमस्कार.