हापिसाची पूजा

आमचं गाव रेवसच्या बाजूला. तिथून काम करते म्हटलं की ऑफिसातल्या बायका हेवा करायच्या, किती गं नशीबवान तू. त्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र, माड आणि माडाखाली लॅपटॉप. माझ्या घरात रेंज फक्त न्हाणीघरात यायची, तीसुद्धा बंबाला खेटून उभं राहिलं तर. सकाळची मीटिंग मी कॅमेरा बंद ठेवून बंबाशेजारी उभ्यानं करायचे. साहेब म्हणायचे, तुझ्याकडे पाण्याचा आवाज येतोय, समुद्र का? मी हो म्हणायचे. गळक्या नळाला समुद्र म्हटल्यानं कोणाचं बिघडत नाही.

गावाला आले ती हौसेनं नाही. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. काठी टेकत घरात चालायचे, पण बोलणं पार गेलं होतं. आयुष्यभर या माणसानं लाँचवर तिकिटं फाडली. जेटीवर उभं राहून ‘भाऊचा धक्काऽऽ’ अशी हाळी दिली की लाँचला भोंगा वाजवावा लागायचा नाही. त्याच तोंडातून आता ‘पाणी’ निघायची मारामार. झटक्यानंतर त्यांनी आपणहून उंबरा ओलांडला नव्हता. लोक भेटतील, विचारतील, आणि आपल्याला उत्तर देता येणार नाही, याची लाज. पनवेलला माझ्या खोलीवर नेलं तर जेवणच सोडलं. आई नाही, भावंडं नाहीत. मी गेले की ते एकटे, इतकं साधं होतं ते.

आणि नेमका अशात कंपनीला साक्षात्कार झाला, की घरून काम करणारे लोक काम करत नाहीत. हुकूम निघाला: एक तर रोज नवी मुंबईच्या ऑफिसात या, नाहीतर ‘योग्य कार्यस्थळ’ दाखवा. शांत, स्वतंत्र, दार असलेलं. एक मॅडम व्हिडिओवर जागा बघणार, मग मंजुरी. न्हाणीघर शांत होतं, स्वतंत्र होतं, दारही होतं, पण मॅडमना दाखवण्यासारखं नव्हतं.

मग सुरू झाली वणवण. आधी अलिबागच्या रस्त्यावरचं कोवर्किंग, म्हणजे भाडं भरून बसायचं ऑफिस. बंगला, पोहायचा तलाव, बसायला पोत्यासारख्या गाद्या. काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, मुंबईहून आलात का? पलीकडच्या गावातून, म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. पाटीवर लिहिलं होतं, कुत्रे आणायला परवानगी आहे. वडील आणले तर चालतील का, असं मी विचारलं. ती म्हणाली, विचारून सांगते. अजून विचारतेय बिचारी.

मग एक कॅफे. तिथे रेंज होती, वीज होती आणि रील बनवणाऱ्या पोरी होत्या. एकच गिरकी त्या दुपारभर घेत होत्या आणि प्रत्येक गिरकीत पाठीमागे मी, एक्सेल उघडून तोंड वाकडं करून बसलेली. तिथून तालुक्याचं वाचनालय. माझ्या टायपिंगचा आवाज होतो म्हणून तिथल्या आजोबांनी मला उठवलं, आणि उठवून झाल्यावर पेपर तोंडावर घेऊन घोरायला लागले.

शेवटी काखेत कळसा म्हणतात तसं झालं. घरापासून हाकेच्या अंतरावर आमच्या समाजाचा हॉल. मोबाइलचा टॉवर त्याच्या डोक्यावरच, आमच्या घराकडे तेवढी त्याची पाठ. लग्नं, हळदी आणि दहावं-बारावं सोडलं तर वर्षभर कुलूप. पण चावी गावकीकडे, म्हणून गावकी बसली. अध्यक्ष आमचे चुलतकाका. त्यांनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, की म्हणजे तुझी नोकरी गेली न्हाय? सगळा गाव इतके महिने समजत होता की मला काढून टाकलंय आणि मी लाजेनं न्हाणीघरात रडत असते. नोकरी आहे म्हटल्यावर सगळ्यांना इतका आनंद झाला की हॉल एकमतानं मिळाला. मी आपली शहाणी! सांगून ठेवलं, की शुक्रवारी सकाळी मुंबईच्या मॅडम व्हिडिओवर ऑफिस बघणार आहेत, तेव्हा सगळं नीट दिसलं पाहिजे. काका म्हणाले, तू काय बी काळजी करू नको.

तिथेच काळजी करायला हवी होती.

शुक्रवारी आंघोळ करून आले, तर बाबांची खाट रिकामी. काठी नाही, चपला नाहीत. हाका मारत मागच्या विहिरीपर्यंत जाऊन आले. मग हॉलकडून लाउडस्पीकरवर भटजींचा आवाज ऐकू आला, आणि तशीच ओल्या केसांनी धावले.

हॉलच्या दाराला केळीचे खांब, वर आंब्याचं तोरण. माझ्या टेबलामागे चौरंग, त्यावर सत्यनारायण, आणि पूजेला गावातलं नवीन लग्न झालेलं जोडपं. बायका मागे शिरा परतत होत्या. आणि पहिल्या रांगेत, खुर्चीवर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले बाबा.

मी काकांवर तोंड टाकणारच होते. ते आधीच म्हणाले, "नवीन हापिस हाय बाय. पूजा न्हाय घातली तर कसा व्हयाचा? तुझ्या बाबाला ईचारला. त्यानं मान हालवली आन् सोताच्या पायांनी चालत आला."

शिव्या जिभेवर होत्या, त्या गिळल्या. तेवढ्यात लॅपटॉप वाजला.

मॅडम मराठीच निघाल्या, फार सभ्य. त्यांच्या पडद्यावर मी, माझ्यामागे देव, त्यामागे अख्खं गाव वाकून बघतंय, आणि भटजींनी नेमका तेव्हाच शंख फुंकला. शंख संपेपर्यंत मॅडम थांबल्या. मग विचारलं, "इतकी माणसं असतात का इथे रोज?"

मी तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं: नाही, आज पूजा आहे म्हणून. कंपनीशी एकदाचं खरं बोलायची संधी आली होती. पण माझ्याआधी बाबा खुर्चीतून पुढे वाकले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, "रोज."

स्पष्ट. मोठ्यानं. जेटीवरच्या आवाजात. शिरा परतणारी काकू पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. बाबांना वाटलं, लेकीची लाज राखली. जन्म लाँचवर गेलेला माणूस तो. जिच्यात माणसं नसतात ती लाँच बंद पडते, हे त्याला पक्कं ठाऊक. हापिसाचं तरी वेगळं कसं असेल?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. किती महिन्यांनी त्या चेहऱ्यावर मला माझे बाबा दिसले. गावासमोर फुटलेला त्यांचा पहिला शब्द आता मीच खोटा पाडू?

"हो मॅडम," मी म्हटलं. "रोज."

मॅडमनी सभ्यपणे आभार मानले. संध्याकाळी निरोप आला, जागा नामंजूर, एक तारखेपासून ऑफिसात हजर व्हा. मी हजर झाले नाही. राजीनामा पाठवला, त्याचंही फार सभ्य उत्तर आलं, माझ्या पुढच्या प्रवासाला शुभेच्छा देणारं.

बाबांना हे सांगितलेलं नाही. हॉलची चावी अजून माझ्याकडेच आहे. तिथे बसून मी मिळेल ते भाषांतर करते आणि नोकरीचे अर्ज पाठवते. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला काठीनं खूण करतात, आत काम चाललंय. गावातला कोणी ना कोणी त्यांच्याशेजारी टेकतोच.

काल सगळीकडून नकार आले होते. आज सकाळी माझ्यानं उठवेना, नुसती छताकडे बघत पडले होते. बाबा चपला घालून, शर्टाची बटणं वरपर्यंत लावून दारात उभे. काठी जमिनीवर आपटली आणि रागानं म्हणाले,

"उशीर."